मनकर्णाबाईंचा दगड आणि तळाचा गाळ

"मनकर्णाबाई सरपंच असताना २००३ साली अख्खा तलाव उपसला" असं कोरलेला दगड रविवारी तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, बसणार होता. खरं काय ते मनकर्णाबाईलाच ठाऊक. त्या साली पाऊस लवकर आला, नुसता काठाचा गाळ उपसून झाला. पाणी चढलं अन् विषय बुडाला.

त्यातच नात रेणू शहरातून लांबलचक पाइप घेऊन केशोरीजवळच्या या गावी आली. पुढच्या महिन्यात ती उत्तर ध्रुवाकडे निघाली होती, तिथल्या तळ्यांतला गाळ वाचायला.

"गाळ वाचता येते काय व?"

"येते आजी. तिकडं तळ्यावर बर्फाचं झाकण. उन्हाळ्यात बर्फ वितळला की जाडी माती वाहून येते, हिवाळ्यात बारीक बसते. एक जाडी रेघ, एक बारीक, झालं वर्ष. कोणतं उबदार, कोणतं थंड, हजारो वर्षांचं कळते."

"हजारो वर्षं कोनी उपसला नायी? कसे आळशी लोक म्हनाव."

"तिकडं लोकच नाहीत. म्हणून तर रेघा शाबूत. उद्या सरावासाठी आपल्या तलावात पाइप टोचते, मधोमध."

मनकर्णाबाईच्या तोंडातला घास तिथंच थांबला. "काठाले टोच. मधात म्हशी लोळतेत."

"म्हशींनी ढवळलं तर वरचं वीतभर वाचता येत नाही, एवढंच."

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाईनं सातही म्हशी स्वतः सोडल्या. मे महिना, मध्यावरही कमरेएवढंच पाणी. काठी आपटत तिनं त्यांना मधोमध पिटाळलं. साठी उलटल्यापासून तिनं म्हशीच्या शेपटाला हात लावला नव्हता. धुणं धुणाऱ्या प्रेमिलानं विचारलं, "आज तुमी काऊन आल्या, बाई?"

"उन्हाचं त्यायलेही अंग धुवा वाटते."

दुपारी रेणूनं डोंगा वल्हवत मधोमध नेला, पाइप ठोकला, पाळीवर आणून उभा चिरला. वीसेक माणसं वाकून पाहू लागली. सगळ्यात पुढं बाईचा चुलतदीर उमराव. वरचं वीतभर गाळाचं पिठलं झालं होतं. खाली मात्र रेघाच रेघा, लुगड्याच्या काठासारख्या, आणि त्यांच्याखाली एक लाल पट्टी.

"चौऱ्यान्नवले पाळ फुटली, तवा मुरूम आत गेला. तोच हा," उमराव म्हणाला.

दर पावसाळ्याची एक रेघ धरून रेणूनं लाल पट्टीपासून वर मोजत नेलं. "मग तेव्हापासून मधला गाळ कोणी काढलाच नाही."

"वयनी, तुमी तर तीनले अख्खा उपसला नं?"

मनकर्णाबाई चिरलेल्या पाइपावर वाकली. मग ती म्हणाली, "रेणू, दोन हजार अकराची रेघ पाहाय."

"ही काय, शाबूत आहे."

अकराला सरपंच उमराव. "अख्खा तलाव उपसला" म्हणणारा त्याचा दगड त्याच्या पाठीशीच उभा होता. त्याचा चेहरा उतरला. "मोजन्यात चुकली असंल पोरगी. नवीन हाय. हो का नायी, वयनी?"

एक 'हो' म्हटलं की दोन्ही दगड वाचत होते. रेणू आजीकडे पाहत राहिली. घरच्या तलावात खोटी ठरलेली पोर ध्रुवावर कोणत्या तोंडानं जाणार?

"नायी चुकली," मनकर्णाबाई म्हणाली. "म्या काठच उपसला. भाऊजी, तुमी?"

उमरावनं पायातल्या चपलेकडे पाहिलं. "काठच."

दगड कोरणारा योगराज घाम पुसत म्हणाला, "मंग आता काय करू, बाई?"

"'अख्खा तलाव' खोड, 'तलावाचा काठ' लिव. माह्यं नाव हाय तेवढंच मोठं ठेव. अन् छिन्नी आनलीच हाय, तं भाऊजीच्या दगडालेही हात मार."