निजलेल्यांची पंगत

पौषातलं ऊन येवल्याच्या गल्ल्यांत उतरतं ते फिकट, पातळ, धुतलेल्या राखेच्या रंगाचं. भिंतींना टेकतं, पण ऊब देत नाही. उंबऱ्यांवर बसतं, पण बसल्यासारखं वाटत नाही. त्या राखवर्ण उजेडात आळीतले सारे हातमाग खटखटत होते आणि एक माग गप्प होता. निवृत्ती साळ्याचा. त्यावरचं जांभळं रेशीम अर्ध्या पदरावर थांबलेलं, ताणलेलं, वाट पाहणारं.

निवृत्तीचं मरण साधं होतं. मरणानंतरचंच सारं विपरीत. त्यानं देहदान केलं होतं. ना चिता, ना धूर, ना राख. पांढऱ्या गाडीतून देह शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयात गेला आणि त्याच्याच इच्छेनं मांडीच्या मांसाचा एक चिमुकला तुकडा तिथल्या प्रयोगशाळेत, त्याच्या लेकीच्या हाती. हेमांगी स्नायूंतल्या मूलपेशींवर काम करी. "जन्मभर मागाच्या पावड्या दाबल्यात या मांडीनं," तिचे वडील, दादा, हसून म्हणाले होते, "तुझ्या उंदरांपेक्षा बरी निघेल."

स्नायूच्या प्रत्येक तंतूभोवती एक तलम आवरण असतं. तंतू आणि आवरण यांच्यामधल्या चिंचोळ्या अंधारात मूलपेशी निजलेल्या असतात. निमूट, निश्चल, निरिच्छ. तंतू फाटला की त्या जाग्या होतात. एकीच्या दोन होतात, दोनांच्या चार. मग काही जणी आपलं वेगळेपण टाकून फाटक्या तंतूत विरून जातात, त्याला सांधतात, त्याला पुष्ट करतात. आणि काही जणी मागे सरतात, पुन्हा निजतात, पुढच्या जखमेसाठी.

माणूस मेला, हे त्यांना कुणी कळवत नाही. श्वास थांबतो, रक्त थिजतं, घरात रडारड होते. आणि त्या आपल्या अंधारात, कितीतरी दिवस, निजूनच असतात.

कोरड्या डोळ्यांनी भिंतीकडे पाहत बसलेल्या आईला धीर द्यावा, म्हणून हेमांगी म्हणाली होती, "आई, दादांच्या मांसातल्या पेशी अजून जिवंत आहेत. माझ्याकडे वाढतायत."

वाक्य अगदी अचूक होतं. चूक झाली ती तिथेच.

आई उठली आणि तिनं दादांचं ताट वाढलं.

नवऱ्याआधी ती कधी जेवली नव्हती. ते उठले की त्याच ताटात तिचा घास. आता रोज ताट वाढलं जाई. वाफ विरे, भाकरी वाळे, वरणावर साय धरे. आणि आई समोर बसून राही. घोटभर पाणी, कपभर चहा. अन्न नाही.

"अगं, नवऱ्याचं भूत जेवायला येणारंय का तुझ्या?" शेजारची सखू वैतागून म्हणाली.

"भूत कशाला? पोरीकडं गेलेत," आई शांतपणे म्हणाली. "आले की जेवतील."

तिच्या बांगड्या मनगटावरून कोपराकडे घसरू लागल्या. उपाशी देह आधी चरबी जाळतो, मग आपलेच स्नायू खातो. हेमांगीनं हे वर्गात कितीदा शिकवलं होतं. आता ते आईच्या दंडावर दिसत होतं, दिवसागणिक, धाग्यागणिक. असंच चाललं तर आईही जाणार होती.

तिला पेशी वाढवायची काचेची बशीच दाखवावी, हेमांगीनं ठरवलं. ना रूप, ना नाव. काचेवरचा एक ओला थर. पाहील आणि समजेल.

भर दुपारी ती आईला प्रयोगशाळेत घेऊन आली. इन्क्युबेटरचं दार उघडताच देहाइतकी ऊब बाहेर आली. आई दचकून मागे सरली.

"अगंबाई, अंगासारखं गरम लागतंय."

"तेवढीच ऊब ठेवतो आम्ही."

आईनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. दुधाळ उजेडात तंतू शेजारी शेजारी पसरले होते, मागावर उभ्या धाग्यांचा ताणा लावावा तसे. सकाळपासून ते निश्चल होते. आणि आता, आईच्या डोळ्याखाली, ते हलले. थांबले. पुन्हा हलले. संथ, सारख्या लयीत, कुणाच्याही हुकमाविना.

"पावडी दाबतायत," आई कुजबुजली.

"आई, ते दादा नाहीत. पेशींचे तंतू झाले की ते कधी कधी आपोआप आखडतात. कुणी सांगायला लागत नाही."

"त्यांना कधी काय सांगावं लागलं?" आईनं डोळा काढला नाही. "आणि ह्या कडेच्या, बारक्या?"

"त्या निजल्यात. तंतूला जखम झाली तर उठतील."

"कुणाच्या जखमेला?"

हेमांगीनं इन्क्युबेटरचं दार लावून घेतलं.

"खातात काय?" आईनं विचारलं.

रोजच्या सवयीनं हेमांगीनं बशीतला पिवळट पडलेला द्रव शोषून घेतला आणि ताजा गुलाबी द्रव ओतला. "हे."

आईनं बशी भरेपर्यंत पाहिलं. मग ती बाहेर गेली, व्हरांड्यातल्या बाकावर बसली, पिशवीतलं फडकं सोडलं आणि भाकरी खाऊ लागली. सावकाश, तृप्तपणे, मागून जेवणाऱ्या बाईसारखी. हेमांगीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच क्षणी पाठीवर काटाही.

त्या दिवसापासून रोज दुपारी फोन येई. "हेमा, जेवले का?" "जेवले." मग आई जेवे. तिचा दंड भरला, बांगड्या जागेवर आल्या. प्रयोग संपला, बाकीच्या बश्या नष्ट झाल्या. ही एक उरली. हेमांगी सुट्टी घेईना, गावाला जाईना, बशी दुसऱ्या कुणाच्या हाती देईना.

आणि एका दुपारी तंतू सुटून आले होते. आखडता आखडता त्यांनी स्वतःलाच काचेवरून उचकटून घेतलं होतं. गुलाबी द्रवात ते तरंगत होते, तुटके, निष्प्राण. खाली उघडी काच. हेमांगीनं श्वास सोडला. सुटले दादा. सुटले मी. मग तिला स्वतःचीच लाज वाटली.

फोन वाजला. तो कानाला लावता लावता तिनं पुन्हा एकदा भिंगातून पाहिलं.

ओसाड काचेवर काहीतरी सरकत होतं. कडेला निजलेल्या त्या बारक्या पेशी लांबट झाल्या होत्या, पाय फुटल्यासारख्या. फाटलेल्या जागेकडे निघाल्या होत्या. सगळीकडून. मुकाट्यानं. जखम त्यांना कळली होती.

"हेमा? जेवले का गं?"

हेमांगीचा हात गुलाबी द्रवाच्या बाटलीकडे गेला.

"बसलेत जेवायला," ती म्हणाली.

पलीकडे भाकरी मोडल्याचा बारीक आवाज झाला, मग एक घास, मग चावणं, संथ, निर्धास्त, सुखाचं. आणि इकडे, पांढऱ्या उजेडात, ज्यांना कुणी उठवलं नव्हतं त्या साऱ्या जणी एकमेकींच्या अंगाला अंग लावत, ओळीनं, हळूहळू, एक होत गेल्या.