पळ्याचा ठेका

लॉन्ड्रीतल्या मोठ्या मशीनला आणि पळ्याला एकच खोड होती. शेवट जवळ आला की दोघांनाही घाई सुटायची. कपडे पिळताना मशीन थरथरत जागा सोडायला बघायचं, आणि गाणं संपवताना पळ्या ठेका सोडून पुढे धावायचा. त्यावरूनच मोठ्या बहिणीने त्याचं नाव पळ्या ठेवलं. आता त्याचे केस पांढरे झाले, दुकान त्याच्या नावावर झालं, गिऱ्हाइकं त्याला शेठ म्हणू लागली, पण ताईच्या तोंडचं पळ्या काही सुटलं नाही. खोड सुटली नव्हती, तर नाव कशाला सुटेल?

सुरुवात याच दुकानात झाली होती. शटर ओढायचं, वाळत घातलेल्या चादरींच्या मागे ड्रम मांडायचे, आणि ताईने गिटार गळ्यात अडकवून ओरडायचं. तेव्हा तिचं प्रत्येक गाणं 'मी'ने सुरू व्हायचं. मी जाळीन, मी मोडीन, मी कुणाचीच नाही. आई इस्त्रीच्या टेबलामागून म्हणायची, "मोडायचं ते मोड बाई, पण आधी त्या चादरींच्या घड्या घाल."

पुढे बँड जमला, गावोगावची बोलावणी येऊ लागली आणि 'मी'च्या जागी 'आम्ही' आलं. 'आम्ही थांबणार नाही' हे गाणं तर पोरांनी भिंतींवर रंगवलं. त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये शेवटच्या कडव्याला पळ्या असा काही सुसाट सुटला होता, की ताईचे शब्द मागून धापा टाकत येत होते. खरं तर ती चूक होती. पण लोकांना नेमकी तीच आवडली, आणि त्या चुकीच्या जोरावर पळ्या वर्षानुवर्षं मिशीला पीळ देत फिरला.

मग ताईचा संसार मोडला आणि गाण्यांत नुसतं 'तू' भरलं. तू असा, तू तसा. पळ्याने विचारलं, "ताई, हे गाणं आहे की भाऊजींना नोटीस?"

"दोन्ही," ती म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी हसली.

ती गाणी संथ होती. ऐकायला माणसं कमी यायची, पण आलेली डोळे पुसत जायची. आणि त्यानंतर काहीच नाही. गिटार कपाटावर चढली, ताई गल्ल्यावर बसली. एखादा विचारायचा, "काय शेठ, ताईंची गाणी संपली वाटतं?" पळ्या वरवर हसायचा आणि त्याचे कपडे मुद्दाम दोन दिवस उशिरा द्यायचा.

अशात एका दुपारी, कपड्यांना चिठ्ठ्या लावता लावता ताई गुणगुणू लागली. इस्त्री करता करता पळ्याने हात लांबवून चालू मशीन बंद केलं. चालू मशीन तो आग लागली तरी बंद करणारा नव्हता.

"दार उघडं ठेवू आपण," ती गात होती, "कुणी येईल, कुणी नाही."

"आपण?" पळ्या म्हणाला. "हे नवीनच."

"आम्ही म्हटलं की ऐकणारा बाहेरच राहतो रे," ताई म्हणाली. "किती वर्षं लोकांना दाराबाहेर उभं करून गायले मी. आपण म्हटलं की तो आपोआप आत येतो."

पळ्याचा ऊर अभिमानाने भरून आला. या वयात, इतक्या मुक्या वर्षांनंतर, आपल्या बहिणीला हे सुचावं! तो बघतच राहिला, आणि हातातल्या इस्त्रीखाली कुणाच्या तरी शर्टाची बाही करपली. त्याचं त्याला काहीच वाटलं नाही.

पण गाणं होतं भलतंच अवघड. प्रत्येक ओळीनंतर लांबलचक शांतता, आणि ताईने पुढच्या ओळीसाठी पुरता श्वास घेतला की पायाच्या ड्रमचा एकच ठोका. बस्स. तो ठोका जरा आधी पडला तरी सगळं मुसळ केरात. आणि तो वाजवणार कोण, तर जन्मभर पळालेला माणूस!

मैदानावर जुन्या बँडचा कार्यक्रम ठरला, त्याचं रेकॉर्डिंगही होणार होतं. तालमीत पळ्या पळाला. पुन्हा वाजवलं, पुन्हा पळाला. रेकॉर्डिंग करणारा मुलगा भला होता. तो अदबीने म्हणाला, "काका, हेडफोनमधून कानात ठेक्याची टिकटिक देतो. तिच्याबरोबर वाजवा, प्रश्नच मिटला. आणि कार्यक्रमात हे गाणं आधीच घ्या, अंग तापायच्या आत."

"नाही," ताई म्हणाली. "आधी 'थांबणार नाही', आणि त्याला लागूनच हे. मधे टाळ्यांनाही जागा द्यायची नाही. 'थांबणार नाही' म्हणणारी तीच पोरं एवढा रस्ता चालून इथे आली, हे लोकांना ऐकू आलं पाहिजे. तसं जमणार नसेल, तर हे गाणं राहिलं." मग भावाकडे वळून ती म्हणाली, "टिकटिक घ्यायची की नाही, ते तू ठरव."

ती ओरडली असती तरी पळ्याला चाललं असतं. हा विश्वास त्याला जड झाला. तिचं इतक्या वर्षांनी आलेलं गाणं आता त्याच्या उजव्या पायावर उभं होतं.

त्याने टिकटिक घेतली नाही. हा शहाणपणा होता की माज, हे त्याचं त्यालाही कळेना.

कार्यक्रमाला मैदान भरलं. 'आम्ही थांबणार नाही' सुरू झालं आणि टकलं पडलेली, पोटं सुटलेली माणसं पोरांसारखी उड्या मारू लागली. शेवटच्या कडव्याला पळ्या सुटला, अगदी रेकॉर्डिंगसारखा. ताई हसत हसत मागून धावली. शेवटचा दणका बसला, आणि टाळ्या पडायच्या आत तिने नव्या गाण्याची पहिली ओळ उचलली.

पळ्याचे दंड पेटले होते. सगळं अंग म्हणत होतं, मार! लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला आणि तो भराभर वाढू लागला. जन्मभर बहिणीच्या पाठीमागे बसून पळ्याने तिची पाठ कधी नीट पाहिली नव्हती. पळणाऱ्याला कसली पाठ दिसते? आता त्याने पाहिलं. श्वास घेताना तिचे खांदे सावकाश वर चढत होते. ते पुरते चढले, आणि त्याने ठोका दिला. पुन्हा चढले, पुन्हा ठोका. टाळ्या थांबेनात, तेव्हा त्याने दोन्ही काठ्या डोक्यावर उंच धरल्या आणि तशाच ठेवल्या. त्या स्थिर काठ्यांकडे बघत लोक हळूहळू गप्प झाले.

शेवटची ओळ आली. त्या शांततेत ताईलाच घाई सुटली. तिने अर्धाच श्वास घेतला, खांदे अर्ध्यावर असतानाच पहिला शब्द तोंडातून निसटला. जुना पळ्या असता तर तिच्या मागोमाग धावला असता. या पळ्याने पाय उचलला नाही.

ताई थांबली. शब्द गिळला. सगळं मैदान तिच्यासाठी थांबलं. तिचे खांदे सावकाश वर चढले, पुरते चढले, तेव्हा कुठे पळ्याने ठोका दिला, आणि तिने ती ओळ अशी गायली की रेकॉर्डिंगवाला मुलगा बटणं सोडून उभा राहिला.

टाळ्यांच्या गजरात ती वळली. डोळे भरलेले, पण मान ताठ.

"पळाले रे मी," ती म्हणाली.

"पळ की," काठ्या काखेत मारत पळ्या म्हणाला. "आपण आहोत ना मागे."