वजनाइतकाच जोर

आमच्या कारखान्यात वरच्या मजल्याला जिना नाही. ज्याला बढती मिळते त्याला डक्टेड फॅनखाली, म्हणजे नळीत बसवलेल्या पंख्याखाली, पट्ट्यांनी बांधतात आणि वर सोडतात. माझ्या खोलीच्या छताला भोक आहे. त्यातून माणूस जातो आणि वर डिझाइन-प्रमुखाच्या खुर्चीत बसतो. पंख्याचा जोर किती हवा, त्याला वीज किती लागेल, हे गणित एकोणीस वर्षं मी करते आहे. आजवर तिघांना वर पाठवलं. चौथी मी, असं मी धरून चालले होते.

सोमवारी मगदूमसाहेब प्रणोती बोंद्रेला घेऊन माझ्या टेबलाशी आले. तिला नोकरीला लागून चौदा महिने झाले होते.

"माणिकताई, हिला वर धाडायचीय. जोर आणि पॉवर तेवढी काढा की."

"हिला?"

"व्हय. पोरगी हुशार हाय."

कानामागून आली आणि तिखट झाली. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण मी फक्त वजनकाटा पुढे ओढला. प्रणोती त्यावर उभी राहिली. बावन्न किलो. साहेब पुन्हा "हुशार" म्हणाले तशी ती लाजली, आणि काटा एकावन्नवर आला.

मला तिचा मत्सर वाटत होता, आडपडदा कशाला ठेवू? तिच्या अक्षराचा, तिच्या झोपेचा, साहेब तिला नावाने हाक मारत त्याचा. सगळ्यात जास्त म्हणजे ती माझ्याशी चांगली वागायची, याचा. मी गणिताला बसले.

नळीचा व्यास चार फूट धरला तर तिला उचलायला आठ किलोवॅट पुरतात. नळी अरुंद केली की तेवढ्याच जोराला वीज जास्त लागते. मी दोन फूट लिहिलं. सोळा किलोवॅट झाले. एवढी वीज एका मुलीसाठी कोण देतंय, असा माझा डाव होता. आकडा लिहून होताच खोलीच्या भिंती आत सरकल्या आणि फायलींचं कपाट माझ्या पाठीला लागलं.

साहेबांनी कागद वाचला. "लेथ बंद ठेवू," म्हणाले आणि सही केली.

मी एक फूट लिहिलं. बत्तीस किलोवॅट. भिंती आणखी आत आल्या. आता टेबल मावेना, म्हणून ते उभं करून मी त्याच्या पायावर कागद धरला.

"सगळा कारखाना बंद ठेवू," साहेब दारातून म्हणाले. त्यांना आत शिरता येत नव्हतं. "पोरगीसाठी एवढं करायला नको व्हय?"

माझ्या डोक्यावरची ट्यूबलाइट दोन वर्षं गेलेली होती. ती कुणी बदलली नव्हती.

माझ्या हातात एकच गोष्ट उरली. माणूस वर जायचा तर वजनापेक्षा जास्त जोर लागतो, निदान सव्वापट. वजनाइतकाच दिला तर माणूस नुसता लटकतो. मी वजनाइतकाच लिहिला. माझं गणित कुणी तपासत नाही.

मंगळवारी अकराला प्रणोतीला बांधलं. खोली तोवर दोन माणसांपुरती राहिली होती, एक ती आणि एक नॉब धरून मी. दार विटेएवढं झालं होतं. त्यातून साहेबांचा एक डोळा दिसत होता. मी नॉब फिरवला. प्रणोतीचे पाय जमिनीवरून सुटले, माझ्या डोक्यापर्यंत आले आणि थांबले. वारा वरून माझ्यावर कोसळत होता. तिचं सगळं वजन तो माझ्या खांद्यांवर देत होता. पण मला बरं वाटलं.

"ताई, थांबलं की ओ."

"हो."

"वाईच वाढवा की."

"जेवढा काढलाय तेवढाच आहे."

"मग बरोबरच असंल," ती म्हणाली. "तुमचं गणित चुकत न्हाई. साहेबांना मी कायम सांगते."

तिने हे मनापासून म्हटलं. म्हणता म्हणता ती हलकी झाली आणि बोटभर वर गेली. मी नॉब मागे घेतला. ती पुन्हा माझ्या डोक्याशी आली. बाहेरून टाळ्या ऐकू आल्या, ती पुन्हा हलकी झाली. मी पुन्हा नॉब मागे घेतला. असं दुपारपर्यंत चाललं. तिला चाळीस किलोंचा जोर पुरायला लागला, मग वीस, मग पाच. खांद्यांवरचा भार उतरत होता आणि माझा जीव वर वर येत होता. भिंती माझ्या कोपरांना घासत होत्या.

"काय झालं ताई? घाम आलाय तुम्हाला."

"काही नाही. लटकून राहा."

अडीच वाजता नॉब शून्यावर आला. पाती फिरायची थांबली. खोलीत वारा उरला नाही. प्रणोती वर जायला लागली.

मी नॉब आणखी मागे फिरवून पाहिला. तो फिरत नव्हता. तिचे पाय माझ्या कपाळापाशी होते, मग केसांपाशी. मी नॉब सोडला आणि दोन्ही हातांनी तिचा घोटा धरला.

"तुम्हीबी येताय व्हय?" वरून तिचा आवाज आला. तिला खरंच आनंद झाला होता. "या की."

"खाली ये," मी म्हणाले आणि घोटा आणखी घट्ट आवळला.

माझ्या टाचा जमिनीवरून सुटल्या.