एकाच मापाचे दोन जोड

मी यंत्रांवर ओरडते, माणसांवर नाही, असं माझं म्हणणं. माझ्या बहिणीचं म्हणणं वेगळं आहे, पण तिला विचारतंय कोण.

आमच्या खोलीत माणसांची चाल मोजतात. भिंतींवर उंच जागी कॅमेरे आहेत, ते अंगावर चिकटवलेले चमकदार मणी तेवढे बघतात, माणूस त्यांना दिसतच नाही. जमिनीत दोन चौकोनी पाट्या बसवल्या आहेत, त्यांच्यावर पाऊल पडलं की किती भार आला ते कळतं. आणि बुटात सरकवायचे पातळ तळवे आहेत, ते पावलाखालचा दाब मोजून हवेतूनच संगणकाला कळवतात. कॅमेरे एका कंपनीचे, पाट्या दुसरीच्या, तळवे तिसरीचे. प्रत्येकाचं घड्याळ आपलं आपलं. त्या सगळ्यांना एका ठोक्यावर आणायचं हे माझं काम. त्यासाठी एक लहानशी पेटी आहे. तिचं बटण दाबलं की सगळ्यांना एकाच क्षणी इशारा जातो आणि सगळे एकदम मोजायला लागतात. निदान लागायला हवेत.

त्या सकाळी एक वयस्क जोडपं मोजणीला आलं, माझ्या तोंडी काका-काकू. काकूंच्या उजव्या पायाची नस एका अपघातात गेली होती, त्याला बरीच वर्षं झाली. पाऊल वर उचललंच जात नाही, लोंबतं, म्हणून पोटरीपासून पावलाखालपर्यंत आधाराचा पट्टा बांधून त्या चालत. एक स्नायू वळवून पावलावर बसवला तर पाऊल पुन्हा उचललं जाईल, असं सर्जन म्हणत होते. पण तो स्नायूही आता थकत चालला होता, अजून टाळाटाळ केली तर उपयोग नव्हता. जमेल की नाही ते आजची मोजणी बघून सांगणार होते. आणि काकू हो म्हणायला तयार नव्हत्या.

"मला कळतच नाही, एवढा घाट कशासाठी," मणी चिकटवून घेताना त्या मला म्हणाल्या. "आमचं छान चाललंय. मी सावकाश जाते. ह्यांना त्याचा काही त्रास नाही. ह्यांचं चालणं-फिरणं सगळं मोकळं आहे, हो की नाही हो?"

"एकदम मोकळं," काका म्हणाले. ते जमिनीवर बसून काकूंच्या बुटांच्या नाड्या बांधत होते. आल्यावर दोघांनी दारात काढलेले बूट सारखेच होते, राखाडी, लाल पट्टीचे; काकूंच्या जोडात मी तळवे सरकवून ठेवले होते. पट्ट्यासकट पाऊल आत जायचं तर काकूंना मोठं माप लागे, ते नेमकं काकांचं माप निघालं, आणि दुकानात एकावर एक फुकट होतं. ही हकिगत मला आल्याआल्याच ऐकवून झाली होती.

एकटीने चालायची वेळ आली तशी काकूंचा धीर सुटला. चकचकीत जमीन, वर लाल डोळे वटारून बसलेले कॅमेरे. त्या जागच्या हलेनात. मग मीच म्हटलं, काका, तुम्ही शेजारून चला, फक्त पाटीवर पाय देऊ नका. त्यांच्या अंगावर मणी नाहीत, कॅमेऱ्यांच्या लेखी ते नसल्यातच जमा.

काकांनी काकूंचा उजवा दंड धरला. "चल. पडलीस तर माझ्यावर पड, मऊ आहे मी."

"दिसतंय ते," काकू त्यांच्या पोटाकडे बघून म्हणाल्या, आणि चालायला लागल्या.

मी पडद्याकडे पाहिलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाटीची रेषा वर गेल्यावर थोड्या वेळाने तळव्यांची रेषा वर जात होती. एकच पाऊल, दोन वेळा! मी पेटी बंद करून चालू केली. तारा काढून पुन्हा खोचल्या. तळव्यांच्या कंपनीच्या नावाने जे काही म्हटलं ते काकूंनी ऐकलं नसावं अशी आशा आहे. पुन्हा चालायला लावलं. पुन्हा तेच.

"ताई, माझंच काही चुकतंय का?" काकूंनी विचारलं.

"तुमचं काही नाही. ही यंत्रंच मेली डोक्यावर मिरे वाटतायत."

चौथ्या फेरीला मात्र मला एक गोष्ट खटकली. यंत्र मागे पडतं तेव्हा दर वेळी तेवढंच मागे पडतं. इथे कधी जास्त, कधी कमी, आणि एकदा तर तळव्यांची रेषा पाटीच्या आधी वर गेली होती. असा उशीर तारेत नसतो.

शेवटचा उपाय म्हणून मी काकूंना पाटीवर उभं केलं आणि म्हटलं, जोरात पाय आपटा. रागावल्यासारखा.

काकूंनी आपटला. पाटीची रेषा उडाली. तळव्यांची रेषा ढिम्म.

मी पडद्याकडे बघत राहिले. मग बघितलं ते काकांच्या बुटांकडे.

"काका, तुम्ही आपटा बघू."

त्यांनी बिचकत पाय आपटला. तळव्यांची रेषा थेट वर.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी तळवे ज्या जोडात घातले तो काकांनी स्वतःच्या पायात चढवला होता आणि आपला जोड काकूंना. "तरी म्हटलं आज बूट जरा गुबगुबीत लागतोय," काका म्हणाले. "म्हटलं, इथली काही सोय असेल."

काकू हसता हसता खुर्चीवर बसल्या. मीही हसले. आणि हसता हसता माझी नजर पुन्हा पडद्यावर गेली.

तळव्यांची ती रेषा आतापर्यंत मी काकूंची समजत होते, म्हणून तिच्यात काही वावगं वाटलं नव्हतं. डाव्या पायावर लांब भार, उजव्यावर आखूड, घाईघाईने उचललेला. लंगडणाऱ्या माणसाची रेषा. पण ती काकांची होती.

"काका, तुमच्या उजव्या पायाला काही झालंय?"

"मला? काही नाही. ठणठणीत आहे."

"एकटे जरा चालून दाखवता?"

ते चालले. खोलीच्या टोकापर्यंत गेले, परत आले. दंड धरायला कोणी नव्हतं, तरी उजवा पाय टेकला न टेकला तोच ते उचलत होते. त्यांना स्वतःला पत्ता नव्हता. घरात तर कोणी बघणारंच नव्हतं, कारण काकूंचे डोळे कायम स्वतःच्या पावलांकडे.

काकू उठून पडद्याजवळ आल्या. मी त्यांना दोन्ही रेषा दाखवल्या. खोटं सांगणं मला जमलं नसतं. "ही तुमची. ही ह्यांची."

त्यांनी दोन्ही रेषांवरून बोट फिरवलं. मग त्यांनी वळून काकांना विचारलं, "कधीपासून हो?"

"अगं, कधीपासून काय? तू चालतेस तसा मी चालतो. वेगळं कसं चालायचं?"

काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. काका घाबरून खिशात रुमाल शोधायला लागले, तो नेहमीप्रमाणे काकूंच्याच पर्समध्ये होता.

"मोकळं म्हणे," काकू नाक पुसत म्हणाल्या. "ताई, बूट बदलून द्या. नीट मोजा माझं. आणि डॉक्टरांना सांगा, तारीख द्या म्हणावं. एका घरात दोन लंगडे नकोत."

या खेपेला त्या एकट्या चालल्या. थरथरत, पण एकट्या. सगळ्या रेषा एकाच वेळी वर गेल्या आणि माझ्या पेटीला मी मनातल्या मनात सॉरी म्हटलं.

त्या दिवशी घरी जाताना वाटेत माझी आई भेटली, मग दोघी बरोबरच चाललो. माझ्याबरोबर चालायचं म्हणजे शर्यत, असं ती नेहमी म्हणते. मी तिच्या पावलाने चालायचा प्रयत्न केला. दहा पावलांत वैतागले. सोपं नाही ते.

शस्त्रक्रियेनंतर बऱ्याच महिन्यांनी ती दोघं पुन्हा मोजणीला आली. काकूंच्या पायात आता स्वतःच्या मापाचे, निळे बूट होते. पट्टा गेला होता. पाऊल अजून थोडं अडखळत होतं, पण टाच आधी टेकत होती, आणि पहिल्याच फेरीत माझं काम झालं.

"ताई, आता ते तळवे ह्यांच्या बुटात घाला," काकू म्हणाल्या.

"मला काय झालंय?" काका म्हणाले.

घातले. काका चालले. रेषा पूर्वीइतकी वाकडी नव्हती, पण उजवा पाय अजून आखूडच. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. शाळेत गणित चुकल्यावर मुलांचा उतरतो तसा.

"जित्याची खोड," ते पुटपुटले.

काकू त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. पुढे जाऊ शकत होत्या, गेल्या नाहीत. त्यांनी काकांचा दंड धरला.

"चला," त्या म्हणाल्या. "घाई नाही. पडलात तर माझ्यावर पडा."

"तू कुठे मऊ आहेस?"

"चला म्हटलं ना."

ही मोजणी कोणत्याही डॉक्टरने मागितली नव्हती. मी पेटीचं बटण दाबलं.