उंबरठ्यावर अडकलेला शिपाई

मी सिनेमाची सीडी बोलतेय. हसू नका, आजकाल आम्हांला कोण विचारतो ते मलाही ठाऊक आहे. हातखंब्याच्या नाक्यावर टोप्या आणि चार्जरच्या ढिगात पडले होते. पहिल्याच सुट्टीवर घरी निघालेल्या एका फौजी पोराने मला उचललं. मिरजोळ्याचा गौरव तो.

माझ्यात एक जुना, काळापांढरा, परदेशी सिनेमा आहे. लढाई संपते आणि शिपाई घरोघर परततात, एवढीच गोष्ट. त्यातला एकजण आपल्याच दारात घुटमळतो. मग आई धावत येते आणि त्याला आत ओढते.

गौरवची आई, हौसा, ते बघून पहिल्याच दिवशी कडाडली. "बाई हाय की कोण! पोरगा लढाईवरनं आला नि भाकरतुकडा न ओवाळता घरात घेतलान?"

"आये, तिकडे भाकरी नसते गो," गौरव हसून लोळायचा बाकी राहिला.

"मग पावाचा तुकडा तरी असेल!"

हौसाची स्वतःची रीत कधी चुकली नाही. गौरव आला की त्याला उंबरठ्याबाहेर थांबवायचं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा, डोळ्यांना पाणी लावायचं, मगच आत. तो परत गेला की ती मला लावून बसायची. भाषा कळत नव्हती, पण पोरं घरी येताना बघायला भाषा कशाला हवी? त्याचा बाप हरिश्चंद्र मला बनियनला पुसायचा. मायेनेच पुसायचा, पण माझ्या अंगावर ओरखडे उठले ते त्यानेच.

गेल्या वर्षी गौरव आला तो तिरंग्यात गुंडाळलेल्या पेटीतून. मी ओटीवरच्या प्लेअरमध्ये होते, सगळं ऐकलं. हौसा भाकरतुकडा घेऊन धावली. तिची जाऊ सगुणा आडवी आली. "वयनी, मयताला ओवाळीत नाहीत गो."

"मयत कसला? लांबनं आलाय तो. तसाच घेऊ आत?"

बायकांनी तिला धरून बाजूला नेलं. गौरव न ओवाळताच घरात आला आणि थोड्या वेळाने गेलाही. तुकडा हौसाच्या मुठीतच राहिला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, आपण कशाला या घरात आलो.

मग टीव्ही बंदच होता. परवा हौसा आपणहून म्हणाली, "अवो, गौरवची सीडी लावा." हरिश्चंद्रने मला बनियनला पुसून लावलं. दाराचा प्रसंग आला तशी ती आतून तुकडा नि तांब्या घेऊन आली. पडद्यावरच्या त्या परक्या पोरावरून तिने तुकडा ओवाळला, बाहेर टाकला, काचेवर त्याच्या डोळ्यांना पाण्याचं बोट लावलं.

"ये बाबू. आता ये आत."

आणि नेमकी मी तिथेच अडकले. जुना ओरखडा आडवा आला. पाय उचललेला शिपाई तसाच थिजला.

"ये रे," हौसा म्हणत राहिली. "ओवाळलंय मी. आता कोण नाय अडवायचा." हरिश्चंद्रने बटणावर बोट ठेवलं, पण त्याला ते दाबवेना.

अजून मी तिथेच आहे. तुमच्यापैकी कुणी या घरी आलात, तर मऊ फडक्याने मला एकदा पुसा. पूर्ण सिनेमा नाही चालला तरी चालेल. एका आईचं पोरगं तेवढं मला उंबरठ्याच्या आत आणून सोडायचं आहे.