शनीचा दूत रविवारी का उतरतो?

तुकोगंजातल्या त्या गच्चीवर दिवेलागणीलाच पाय ठेवायला जागा उरली नव्हती. दरसालप्रमाणे उन्हाळ्यापुरतं सरकार ग्वाल्हेरहून इंदूरला आलेलं, त्यामुळे बाहेरगावचे कारकूनही सहकुटुंब हजर. मधोमध लिलावात मिळालेली जुनी दुर्बीण. कुणी हात लावू नये म्हणून तिलाही शेंदूर फासलेला. मागे दिनानाथमहाराज.

"देखो माताजी! ते कडंवाले शनिमहाराज. बाजूला ठिपका दिसतो? तो त्यांचा दूत! आठ दिवसांपूर्वी कुठे होता?"

"डावीकडे," आई म्हणाली.

"और आता?"

आईनं डोळा लावला. "उजवीकडे!"

"बस! दूत उतर गया. आता मुलीला सुई टोचाल तर परत चढेल."

जयजयकार झाला. माझं अंग नुसतं जळत होतं. माझी बहीण सुमन क्षयानं अंथरुणाला खिळलेली, आणि महाराजांच्या अनुष्ठानापायी आठ दिवस आईनं तिची इंजेक्शनं बंद केलेली. ताप एकशेतीन. मला घरात बसवेना, इथे उभं राहवेना. म्हणूनच सुमनच्या शाळेतल्या विज्ञानाच्या इंदिराबाईंना मी गळ घालून आणलं होतं.

"महाराज, शनीचं व्रत शनिवारी सुरू, शनिवारी पुरं," बाई म्हणाल्या. "तुमचं अनुष्ठान शनिवारी बसतं आणि रविवारी कसं उठतं?"

"गुरूची आज्ञा हो!"

"गुरूची नाही, ठिपक्याची. सात दिवसांत तो पुरता पलीकडे पोचत नाही, आठ लागतात."

"अरे बाईजी, आपण खुद डोळ्यानं पाहिलंय ना!" मागून गल्लीतला एक भिया, म्हणजे दादा, ओरडला.

"पाहिलंत ते खरंच आहे. तो शनीचा सगळ्यात मोठा चंद्र, टायटन. सोळा दिवसांत एक फेरी, म्हणजे या बाजूचा त्या बाजूला जायला आठ. तीनशे वर्षं माहीत आहे हे. त्याच्याभोवती हवासुद्धा आहे. फक्त अनुष्ठान त्याला ऐकू जात नाही."

आई अजून महाराजांकडेच पाहत होती. बाई शेजारच्या गंगूबाईंकडे वळल्या. "तुम्ही कालच बसलात ना? तुम्हाला काय सांगितलं?"

"दूत उजवीकडे चढलाय म्हणे. आठ दिवसांत डावीकडे हटवतो म्हणाले."

आई चमकली. "म्हणजे माझ्या मुलीचा उजवा चांगला, नि हिचा वाईट?"

"राशी अलग, माताजी, राशी अलग!"

"सुमनची तूळ," आई म्हणाली.

"माझीपण तूळच हो," गंगूबाई म्हणाल्या.

महाराज दुर्बिणीवर घाईघाईनं कापड टाकू लागले.

"चमत्कार दाखवणाऱ्याला एवढंच विचारत जा," बाई शांतपणे म्हणाल्या, "काहीच केलं नसतं, तर काय झालं असतं? ठिपका तर आलाच असता."

"आणि सुमनला काहीच केलं नाही तर?" आईनं विचारलं.

आईनं पदर खोचला आणि गर्दी ढकलत जिन्याकडे निघाली.

"अच्युत, बघत काय राहिलास? जा, कंपाउंडरला घेऊन ये. आत्ताच!"