तरीवरची हाळी

शर्यतीचं नाव होतं ‘अखिल कुलाबा महासायकल शर्यत’ आणि तिच्यात धावायची जेमतेम वीसेक माणसं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा मामला. मोठमोठ्या शर्यती मारणारे नामांकित गडी इकडे फिरकत नसत. इकडे यायचे ते दुसऱ्या फळीतले, लालबाग-परळच्या सायकल दुकानदारांनी हंगामापुरते पगारावर ठेवलेले, मालकाच्या दुकानाचं नाव छातीवर शिवून घेतलेले. चौलची दत्ताची जत्रा उठली की मागोमाग शर्यत यायची. तिचे तीन दिवसांचे तीन टप्पे. पहिल्या दिवशी अलिबागेहून पोयनाडला जाऊन परत, दुसऱ्या दिवशी अलिबागेहून मुरुड, तिसऱ्या दिवशी मुरुडहून परत अलिबाग. संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत एक साल ती झालीच नाही, तर मुंबईच्या एकाही वर्तमानपत्राला त्याचा पत्ता लागला नाही. रेवदंड्यात मात्र एका माणसाचं त्या साली कशात मन लागत नव्हतं. तो म्हणजे हिरामण तरीवाला.

हिरामण जन्मात सायकलवर बसला नव्हता. रेवदंड्याच्या खाडीवर पूल नव्हता. पलीकडच्या साळावला जायचं तर तरीने, म्हणजे हिरामणच्या होडीतूनच, मग तो फौजदार असो की शेळी. मुरुडचा रस्ता साळावपासून पुढे सुटतो, म्हणून दोन दिवस सगळी शर्यत त्याच्या होडीत बसायची. लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून शर्यत बघतात आणि त्यांना दिसतात सायकलवाल्यांच्या पाठी. हिरामणला मात्र ते सगळे समोर, गुडघ्याला गुडघा लावून, धापा टाकत बसलेले मिळायचे. कुणाच्या पोटरीत गोळा आला आहे, कोण उसनं हसतो आहे, हे त्याला वल्ही मारता मारता कळायचं. बायको मैना त्या दिवशी वालाच्या शेंगांची पोपटी लावून मडकंच्या मडकं होडीत पाठवायची.

बाकीचं वर्षही तो शर्यतींच्याच मागे असायचा. एसटीचे ड्रायव्हर, मुंबईच्या लाँचवरचे खलाशी, न्हाव्याच्या दुकानात पुडीला आलेले कागद, जिथून मिळेल तिथून तो बातमी उचलायचा. नाशकात कोण जिंकला, कोल्हापुरात कोण घसरून पडला, हे त्याला तोंडपाठ. त्यातही एका माणसाची बातमी तो खोदून खोदून विचारायचा, म्हणून गावातले टगे त्याला चिडवायचे, ‘‘हिरामण, नाशकाला जावयाचं काय झालं?’’

हा थट्टेतला जावई म्हणजे दादू. रोह्याच्या पलीकडच्या एका खेड्यातला कुणब्याचा पोर, मुंबईला गिरणीत लागायला गेला आणि लालबागेत पंक्चर काढत बसला. दुकानाच्या मालकाने त्याला एकदा निरोप घेऊन ठाण्याला पाठवला, तो इतक्या लवकर परत आला की मालकाला वाटलं, हा गेलाच नाही. तेव्हापासून दादू पगारावर सायकल हाणत होता. आता कानशिलं पांढरी व्हायला लागली होती आणि एकही शर्यत त्याच्या नावावर नव्हती. त्याच्यात दम होता, झेप नव्हती. लांबच्या रस्त्यावर तो सगळ्यांना दमवायचा आणि शेवटच्या चार हाकांच्या अंतरात कालची पोरं त्याला मागे टाकायची.

हिरामणला सलायचं ते वेगळंच. दोनदा दादू रेवदंड्याच्या धक्क्यावर सगळ्यांच्या आधी पोचला होता. पण होडी एकच. दादू येऊन बसायचा, मग दुसरा यायचा, मग तिसरा, आणि सगळे भरले की होडी निघायची. साळावला सगळे एकदम उतरायचे. अलिबागेपासून रक्ताचं पाणी करून कमावलेली आघाडी त्या होडीत बसल्या बसल्या संपून जायची. खरंतर ती संपवायचा हिरामणच, स्वतःच्या हाताने. आपल्या माणसाला आपणच बुडवतो आहोत, हे त्याला वर्षभर टोचत राहायचं.

न थांबून चालण्यासारखं नव्हतं, कारण तरीचा एक रिवाज होता. रस्त्यावरून कुणी हाळी दिली की तरीवाल्याने ‘ओ’ द्यायची, आणि एकदा ओ दिली की तो माणूस येईपर्यंत होडी हलवायची नाही. हिरामणच्या बापाने सुइणीला ओ दिली होती, वऱ्हाडाला दिली होती, आणि ज्याच्याशी बांधावरून उभं वैर होतं त्या चुलतभावालाही दिली होती. पाणी ओसरतं आहे, होडी गाळात रुतेल, ही सबब चालत नसे. हिरामणनेही इतक्या वर्षांत हाळी कधी वाया जाऊ दिली नव्हती.

मग एका साली लाँचवरच्या खलाशाने बातमी आणली की दादूच्या मालकाने निर्वाणीचं सांगितलं आहे. या शर्यतीत निदान एक टप्पा मारला तर ठीक, नाहीतर सायकल दुकानात ठेव आणि पुन्हा पंक्चर काढायला बस. हिरामणने ते ऐकून घेतलं. आतल्या आत मात्र त्याने एक गोष्ट ठरवून टाकली.

दुसऱ्या टप्प्याच्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा दादू चौलच्या रस्त्याने एकटा आला. मागे कुणी नाही. हिरामणने हाताचा आडोसा करून लांबवर पाहिलं, नारळी-पोफळीच्या आगरांच्या वळणापर्यंत रस्ता मोकळा होता. एवढी आघाडी दादूने कधीच घेतली नव्हती. तो धक्क्यावर उतरला, सायकल खांद्यावर घेतली आणि इकडेतिकडे बघायला लागला.

‘‘मास्तर न्हाय आले?’’ त्याने विचारलं.

मास्तर म्हणजे अलिबागेचे ड्रिलमास्तर. गळ्यात शिट्टी, मनगटावर घड्याळ, शर्यतीची वेळ मोजण्याचं काम त्यांचं. हिरामणला वाटलं, पोराला धाक आहे की मास्तर येऊन ‘सगळ्यांसाठी थांब’ म्हणतील. मास्तरांचा धक्क्यावर पत्ताच नव्हता. हिरामणने पापणी न लववता सांगितलं, ‘‘ते मघाच गेले पल्याड. बस तू.’’

दादू बसला. वल्ह्यावर हिरामणचा मेहुणा दयाराम होता, होडी ढकलायचा बांबू हिरामणच्या हातात. त्याने एकदा हिरामणच्या तोंडाकडे पाहिलं आणि वल्हं पाण्यात घातलं. होडी धक्क्यापासून जरा सुटली आणि मागून हाळी आली. लांबून, दमलेल्या माणसाने दिलेली, पण हाळीच. हिरामणच्या तोंडात ओ आली होती, ती त्याने गिळली.

दादूने मान वळवली. ‘‘हिरामणभाऊ, कोन तरी हाळी देतंय.’’

‘‘टिटवी हाय ती,’’ हिरामण म्हणाला.

हाळी पुन्हा आली, मग आणखी एकदा. टिटवी अशी ओरडत नाही, हे होडीतल्या तिघांनाही माहीत होतं. पण हिरामण खाडीचा माणूस, आणि दादूचा त्याच्यावर भरवसा होता. साळावला मास्तर दिसले नाहीत तेव्हा हिरामणने ‘मुरुडला पुढं गेले असतील’ म्हणून दुसरं खोटं पहिल्याला जोडून दिलं. दादू सायकलवर बसला आणि कोर्लईच्या दिशेने दिसेनासा झाला. हिरामणला त्या क्षणी जो आनंद झाला, तसा त्याला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. परत येताना तो गुणगुणत होता.

रेवदंड्याच्या धक्क्यावर बाकीचे सगळे सायकलवाले जमले होते आणि त्यांच्या पुढे ड्रिलमास्तर उभे होते, घाम पुसत, लालबुंद होऊन. पहाटेच्या एसटीने ते निघाले होते. शर्यतीला अवकाश आहे म्हणून चौलला ओळखीच्या घरी चहाला उतरले, चहाबरोबर पोहे आले, आणि दादू त्यांच्या अंदाजाच्या कितीतरी आधी निघून गेला. पुढे टांगा केला, वाळूत टांगा अडला, तिथून पळत हाळी दिली ती त्यांनीच.

मग मास्तरांनी जे सांगितलं ते ऐकून हिरामणच्या हातातला बांबू सुटायचा बाकी राहिला. होडीमुळे आघाडी बुडते, ही तक्रार यंदा खुद्द दादूनेच अलिबागेत मांडली होती आणि कमिटीने ती मानली होती. यंदापासून धक्क्यावर कोण किती आधी आला ते मास्तर मोजणार, सगळे एकाच होडीतून जाणार, आणि साळावला तितकाच वेळ आधी त्याला सोडणार. दादूची सगळी आघाडी जशीच्या तशी पलीकडे जायची होती. त्यासाठी एकच गोष्ट हवी होती, होडी थांबायला हवी होती. आणि मोजणी न करून घेता जो पलीकडे गेला, त्याचा टप्पा बाद. मास्तर पल्याड गेलेत या हिरामणच्या शब्दावर, मोजणी पुढेच होईल असं समजून दादू होडीत बसला होता.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. हिरामणच्या हातून मारुतीही झाला नाही, नुसता चिखल झाला.

होडी भरली, निघाली. मध्यावर आल्यावर हिरामणने सगळ्यांदेखत सांगून टाकलं की दादूचा दोष नाही, त्याने विचारलं होतं, मीच खोटं बोललो. दोनतीन पोरं हसली. मास्तर माणूस वाईट नव्हते. ते घड्याळाकडे बघत म्हणाले की नियम सायकलवाल्याला आहे, तरीवाल्याला नाही, आणि तुझ्या बोलण्याने तो बदलत नाही. मैनाने पाठवलेलं पोपटीचं मडकं त्या दिवशी कुणी उघडलं नाही.

दुपारच्या एसटीच्या कंडक्टरने पुढची हकिकत आणली. दादू मुरुडच्या बाजारात एकटा शिरला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, एका दुकानदाराने हार घातला. बाकीचे कितीतरी वेळाने आले. त्यांच्या मागून मास्तर एसटीतून उतरले आणि त्यांनी काय ते सांगितलं. हार एकच आणलेला होता, तेव्हा तोच दादूच्या गळ्यातून काढून दुसऱ्याला घातला. दादूने स्वतःच काढून दिला म्हणे. कंडक्टरने हे गंमत म्हणून सांगितलं, कारण त्याला गंमतच वाटली होती.

हिरामण घरी आला तो ताटावर बसला आणि तसाच उठला. मैनाला दयारामकडून सगळं कळलं होतं. तिने आवाज चढवला नाही. ‘‘बापानं दुश्मनाला ओ दिली,’’ एवढंच ती म्हणाली, ‘‘आनि तुला मास्तरला देता आली न्हाय.’’ हिरामणला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त दादूची कीव येत होती, आणि ती कीव दादूला कळेल याची भीती.

सकाळी परतीचा टप्पा. साळावच्या काठावर एकेक करून सगळे आले, मास्तरांनी एकेकाची वेळ मोजली, सायकली होडीत आडव्या पडल्या. दादू नव्हता. सगळे आले ना, म्हणून मास्तरांनी विचारलं. कुणीतरी म्हणालं, तो आता येतोय कशाला, मुरुडहून लाँचने मुंबईला गेला असेल. बाकीचे घाई करायला लागले. हिरामण बांबू धरून उभा राहिला.

मास्तरांनी शिट्टी वाजवली. हिरामणने ऐकलं न ऐकलंसं केलं, आणि या खेपेला त्याने टिटवीची सबब पुढे केली नाही. पाणी ओसरत होतं. दयारामने खूण केली की आता होडीचा तळ गाळाला लागेल. हिरामणने मान हलवली आणि रस्त्याकडे बघत राहिला.

मग दादू दिसला. सायकल हातात धरून उतारावरून चालत येत होता, चाक पंक्चर झालेलं. जन्मभर दुसऱ्यांची पंक्चरं काढलेला माणूस, पण हे काढायचा त्याने खटाटोप केला नव्हता. घाई नव्हती त्याला. होडी समोर उभी होती, सगळे त्याच्याकडे बघत होते, दोन ढांगा टाकल्या असत्या तर तो होडीत असता. पण तो काठावर थांबला. सायकल मांडीला टेकवली, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि मैलभर लांबून द्यावी तशी हाळी दिली.

‘‘तरीवाल्या होऽऽ!’’

होडीत कुणी हसलं नाही.

‘‘ओऽऽ,’’ हिरामण म्हणाला.

दादू होडीत चढला, सायकल आडवी ठेवली आणि हिरामणच्या पायाशी जागा होती तिथे बसला.

‘‘येतं की ऐकू,’’ तो म्हणाला.

हिरामणने बांबू गाळात रोवला आणि होडी ढकलली.